वनस्पतींच्या साहाय्याने माती-पाणी स्वच्छ करताना या चुका टाळा

ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यालगतच्या पडीक जागेवर किंवा सांडपाणी मिळणाऱ्या एखाद्या तळ्याकाठी वाळा, कर्दळ, मोहरी लावली की काही वर्षांत तेथील विष निघून जाईल, असे अनेकांना मनापासून वाटते. ही पद्धत खरी आहे आणि योग्य जागी ती उत्तम काम करते. मात्र जमिनीत नेमके काय आहे हे कळण्याआधीच रोपे आणली जातात, आणि बहुतेक प्रयत्न तेथेच फसतात.

शिसे व कॅडमियम ही मूलद्रव्ये असल्यामुळे कोणतीही वनस्पती त्यांचे विघटन करू शकत नाही. ती त्यांना मुळांपाशी अडवते किंवा वर ओढून घेते. ट्रायक्लोरोइथिलीनसारखी द्रावके पॉपलरसारखी झाडे पाण्याबरोबर शोषतात आणि काही प्रमाणात मोडतातही. डीडीटी (जुने कीटकनाशक) आणि पीसीबी (पूर्वी विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात वापरली जाणारी रसायने) मात्र मातीतील सेंद्रिय कणांना इतकी घट्ट चिकटतात की बहुतेक झाडांच्या मुळांना ती मिळतच नाहीत. पीफास या सहसा न मोडणाऱ्या, फ्लोरिनयुक्त रसायनांच्या गटातील लहान साखळीची (लहान रेणूंची) रसायने सहज पानांपर्यंत पोहोचतात, पण तेथे ती न मोडता तशीच राहतात. म्हणून आधी अनेक ठिकाणांहून आणि वेगवेगळ्या खोलीवरून नमुने घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासावेत, आणि त्यानंतरच रोपवाटिका गाठावी.

याच तपासणीत मातीचा सामू (आम्लता किंवा अल्कता दाखवणारा आकडा) आणि क्षारता मोजून घ्यावी. नवी मुंबईचा मोठा भाग खाडीकाठच्या खाजणांवर भरणी करून उभा राहिला आहे. तेथे रोपे पिवळी पडली की दोष रसायनाला दिला जातो, परंतु मीठ किंवा मुळांशी साचलेले पाणी हेही कारण असू शकते.

वेळेचा हिशेब तर क्वचितच कोणी मांडतो. एक हेक्टर जागेतील वरच्या 20 सेंटिमीटर मातीचे वजन साधारण 2,600 टन भरते. त्या मातीतील शिसे किलोमागे 100 मिलिग्रॅमने कमी करायचे, तर एकूण 260 किलो शिसे बाहेर काढावे लागेल. वर्षाला 10 टन कोरडे पीक निघाले आणि त्याच्या प्रत्येक किलोत 100 मिलिग्रॅम शिसे गेले, तर वर्षाकाठी एकच किलो निघेल. म्हणजे 260 वर्षे. अशा जागी शिसे काढण्याचा हट्ट सोडून वाळ्यासारख्या खोल, दाट मुळांच्या गवताने माती धरून ठेवणे आणि धूळ उडू न देणे हेच शहाणपणाचे आहे. आर्सेनिकची गोष्ट वेगळी आहे: टेरिस व्हिटाटा हा नेचा आपल्या पानांत किलोमागे हजारो मिलिग्रॅम आर्सेनिक साठवतो, हे 2001 मध्ये फ्लोरिडातील संशोधकांनी दाखवून दिले.

शिसे लवकर शोषले जावे म्हणून मातीत ईडीटीए हे धातूंना पकडून पाण्यात विरघळवणारे रसायन मिसळण्याचा सल्लाही दिला जातो. ठाण्याच्या मुसळधार पावसात हा उपाय धोक्याचा आहे, कारण त्याने सुटा झालेला धातू मुळांत जाण्याऐवजी भूजलात उतरू शकतो.

सर्वांत गंभीर चूक मात्र कापणीनंतर होते. ठाण्यातील एका सोसायटीत नाल्याचे पाणी येणाऱ्या तळ्यातली जलपर्णी काढून तिचे खत केले गेले आणि ते भाजीच्या वाफ्यांना घातले गेले. मी तेथे मार्गदर्शन करत होतो आणि ते खत तपासून घ्या असे मी सांगितले नाही, याचे मला आजही वाईट वाटते. जलपर्णी आपल्या मुळांत धातू साठवते. खत झाल्याने ते नाहीसे होत नाहीत, उलट पाला कुजून आकसतो तसे त्यांचे प्रमाण वाढते. काढलेली वनस्पती काठावर कुजू दिली, तर तेच धातू पुन्हा पाण्यात उतरतात. ती जाळल्यास राख आणि धूर यांचा प्रश्न उभा राहतो. म्हणून कापलेल्या पाल्याची तपासणी करावी. तो घातक ठरल्यास 2016 च्या घातक कचरा नियमांनुसार, तळोजा येथे आहे तशा अधिकृत प्रकल्पाकडेच पाठवावा, आणि हा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा.

याच कारणाने अशा जमिनीवर खाण्याची पिके घेऊ नयेत. झुकिनी आणि भोपळ्याच्या त्याच प्रजातीतील काही वाण डीडीटीपासून बनणारे डीडीई आणि पीसीबी इतर पिकांपेक्षा कितीतरी अधिक शोषतात. शुद्धीकरणासाठी हा गुण उपयोगाचा आहे, पण ताटात तो घातक ठरतो.

तळ्यात तरंगते वाफे (पाण्यावर तरंगणाऱ्या तराफ्यांवर लावलेली रोपे) सोडण्यापूर्वी येणारे सांडपाणी अडवलेच पाहिजे. ते चालू राहिले, तर वाफ्यांनी जे टिपले त्याहून अधिक रोज आत येईल. पुढील वर्षांचे मातीचे नमुनेही पावसाळ्यापूर्वी, त्याच महिन्यात, त्याच खुणांपाशी आणि तितक्याच खोलीवरून घ्यावेत, अन्यथा पावसाने वाहून गेलेले प्रदूषण वनस्पतींनी शोषले असे आकड्यांवरून वाटेल.