कोड न येणाऱ्या डीटीपीवालीचं वेबपान

भाचीचा फोन आला तेव्हा मी खुशीत होते. तिच्या चित्रकलेच्या वर्गाचं वेबपान मी रात्री जागून जुळवलं होतं. डावीकडे चित्र, उजवीकडे वेळापत्रक, मधे नेमकी दोन बोटं जागा.

"मावशी, पान छान झालंय गं, पण फोनवर वेळा दिसतच नाहीत. उजवीकडे कुठेतरी पळाल्यात."

त्या पळाल्या नव्हत्या. मीच त्यांना तिथे ढकललं होतं, स्पेसबार दाबून दाबून. बावीस वर्षं डीटीपी, म्हणजे छपाईची पानं कॉम्प्युटरवर जुळवायचं काम, केलेल्या बाईचा हात असाच चालतो. कागदाची रुंदी ठरलेली असते, म्हणून डोळ्याला बरं दिसलं की काम झालं. वेबपानाला कागदच नसतो. वाचणाऱ्याच्या हातात जेवढी काच असेल तेवढाच त्याचा कागद. एवढी गोष्ट डोक्यात शिरायला मला तीन पानं नासवावी लागली. ती तुम्हाला नासवावी लागू नयेत म्हणून हे लिहितेय.

कोड मला येत नाही आणि त्याची लाजही वाटत नाही. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये जो पहिला ब्राउझर तयार केला, त्यातच पान वाचता वाचता बदलायची सोय होती. म्हणजे 'दिसतं तसंच लिहा' ही पद्धत वेबइतकीच जुनी आहे. मधल्या काळात लिहिणारे आणि वाचणारे वेगळे झाले, एवढंच.

आधी हत्यार निवडू. कोड न लिहिता पान जुळवायच्या प्रोग्रॅमला एडिटर म्हणतात. मोफत एडिटर दोन जातींचे असतात. एक जात आपल्या कॉम्प्युटरवर बसवायची, दुसरी ब्राउझरमध्येच उघडायची. पहिलीत मी सीमंकी वापरते. तो मुळात ब्राउझर आहे, पण त्याच्या पोटात कंपोझर नावाचा एडिटर आहे. कोम्पोझर या वेगळ्याच एडिटरचं नावही तुमच्या कानावर येईल. तो एनव्हीयू नावाच्या एडिटरमधून निघालेला आहे, पण त्याच्यावरचं काम कित्येक वर्षांपूर्वी थांबलंय, त्यामुळे नव्याने शिकणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. दुसऱ्या जातीत गूगल साइट्स आणि वर्डप्रेस. पान दोघातिघांनी मिळून सांभाळायचं असेल तर गूगल साइट्स बरं. फाइल आपल्या फोल्डरात, आपल्या डोळ्यांसमोर हवी असेल तर कंपोझर. मला फाइल हातात असल्याशिवाय झोप येत नाही, त्यामुळे पुढचं बरंचसं कंपोझरबद्दलच आहे. पण यातल्या चुका मात्र कुठल्याही एडिटरमध्ये करता येतात.

सीमंकी उघडून कंट्रोल आणि ४ दाबलं की कंपोझर समोर येतो. कोरं पान दिसतं, बोटं शिवशिवतात. थांबा. एक अक्षरही टाइप करण्याआधी एक फोल्डर करा आणि कोरंच पान त्यात सेव्ह करा. पहिल्या पानाचं नाव इंडेक्स डॉट एचटीएमएल, सगळं रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत. सेव्ह करताना कंपोझर पानाचं शीर्षक विचारतो. ते ब्राउझरच्या टॅबवर आणि शोधाच्या निकालात दिसतं, तेव्हा तिथे 'नवीन पान २' असलं काही लिहू नका.

आधी सेव्ह का, ते चित्र घालताना कळतं. चित्राच्या खिडकीत एक छोटी चौकट असते. तिचा अर्थ असा की चित्राचा पत्ता पानाच्या जागेपासून मोजायचा. पान सेव्ह केलेलं नसेल तर ती चौकट मलूल पडलेली असते, टिचकी मारूनही हलत नाही. कारण पानाला अजून घरच नाही, तर तिथून अंतर मोजणार कसं? मग चित्राचा पत्ता तुमच्या सी ड्राइव्हपासून लिहिला जातो. तुमच्या कॉम्प्युटरवर चित्र झकास दिसतं. जगात इतर कुणाच्याही कॉम्प्युटरवर दिसत नाही, आणि तुम्हाला ते कळतही नाही, कारण तुम्ही तपासता आपल्याच कॉम्प्युटरवर. म्हणून इंटरनेटवर चढवलेलं पान पहिल्यांदा नेहमी फोनवर बघावं.

सेव्हच्या वेळीच आणखी एक काम उरका. फाइल मेन्यूत कॅरेक्टर एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं फाइलीत साठवायची पद्धत, बदलून सेव्ह करायची सोय आहे, तिथे यूटीएफ-८ निवडा. हे चुकलं तर 'नमस्कार'च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला परदेशी 'ए', मग चार टोकं फुटलेला गोल, मग आणखी काहीतरी, अशी रांग दिसते. नीट पाहिलंत तर दर अक्षराला साधारण तीन-तीन चिन्हं असतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि ब्राउझर ते तीन तुकडे सुटे वाचत असतो. मजकूर बिघडलेला नसतो, वाचणारा चुकीचा चष्मा लावून बसलेला असतो. अशा वेळी घाबरून सगळं परत टाइप करू नका. मी केलं होतं.

मजकूर जुन्या फाइलमधून आणणार असाल तर तो कुठल्या फॉन्टात आहे ते पाहा. आम्ही डीटीपीवाल्यांनी वर्षानुवर्षं श्री-लिपी, कृतिदेव असल्या फॉन्टांत काम केलं. त्यात पडद्यावर मराठी दिसतं, पण आत रोमन अक्षरांचे आकडे असतात. तो मजकूर वेबपानात चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा कचरा पडतो. कन्व्हर्टरने तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या सांकेतिक पद्धतीत, आणता येतो, मात्र नंतर डोळ्यांत तेल घालून वाचा. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार हमखास चुकतात, कारण जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायची आणि युनिकोडमध्ये ती नंतर येते. माझ्याकडे 'विद्यार्थी' चार ठिकाणी चार रूपांत आला होता.

वर्ड प्रोसेसरमधून चिकटवताना कंट्रोल-शिफ्ट-व्ही वापरा. नुसत्या कंट्रोल-व्हीने मजकुराबरोबर त्याचा सगळा बाडबिस्तरा येतो, म्हणजे फॉन्ट, आकार, रंग, मधल्या जागा. मग एक परिच्छेद मोठा, एक लहान, आणि तुम्ही दुरुस्त करत बसता.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. कंपोझरच्या पट्टीवर डावीकडे एक यादी असते: बॉडी टेक्स्ट, पॅराग्राफ, हेडिंग १ ते ६. सुरुवातीला तिथे बॉडी टेक्स्ट असतं, ते बदलून पॅराग्राफ करा. आणि शीर्षक हवं असेल तर अक्षर मोठं आणि ठळक करू नका, हेडिंग निवडा. डोळ्याला दोन्ही सारखंच दिसतं, हीच तर गोम आहे. जो माणूस पान ऐकतो, म्हणजे ज्याला दिसत नाही आणि ज्याचा फोन पान वाचून दाखवतो, तो हेडिंगवरून हेडिंगवर उड्या मारत हवं ते शोधतो. तुमचं ठळक अक्षर त्याच्यासाठी साधं वाक्यच असतं. शोधयंत्रांचंही तेच. गूगल साइट्समध्ये ही यादी टायटल, हेडिंग, सबहेडिंग अशी असते. वर्डप्रेसमध्ये तिरकी रेघ टाइप करून हेडिंगचा ब्लॉक घेता येतो. नावं वेगळी, काम एकच.

कंपोझरच्या तळाशी चार टॅब आहेत. त्यातला एचटीएमएल टॅग्ज हा टॅब अधूनमधून उघडा. प्रत्येक भागाला छोटी पिवळी चिठ्ठी लागलेली दिसते. शीर्षकावर एच१ची चिठ्ठी आहे ना, परिच्छेदाला पीची आहे ना, एवढंच पाहायचं. सोर्स टॅबलाही घाबरू नका. मी भाचीचं पान तिथे उघडलं तेव्हा वेळापत्रकाच्या आधी 'एनबीएसपी', म्हणजे न मोडणारी मोकळी जागा, हा एकच शब्द ओळीच्या ओळी भरून लिहिलेला होता. मोजले, एकेचाळीस. माझ्या स्पेसबारचे ठसे! एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपान ज्या कोडात लिहिलेलं असतं त्यात, लागोपाठ दिलेल्या साध्या जागा आकसून एकच उरते, म्हणून एडिटर बिचारा प्रत्येक जागेला खिळा ठोकत बसला होता. आणि खिळे ठोकलेली ओळ मोडून खाली येत नाही, ती सरळ काचेबाहेर जाते.

चित्रांचं थोडं सविस्तर सांगते, कारण इथे डोळा सगळ्यात जास्त फसवतो. कॅमेऱ्याचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा, पाचेक एमबीचा असू शकतो. तो पानात घालून कोपरा धरून लहान केला की काम झालं असं वाटतं. झालेलं काहीच नसतं. वाचणाऱ्याच्या फोनवर पाच एमबीच उतरतात आणि मग तिथे लहान करून दाखवले जातात. फोटो पानात घालण्यापूर्वी फोटोच्या प्रोग्रॅममध्ये १२०० पिक्सेल रुंद करा आणि जेपेग म्हणून सेव्ह करा. मूळ फाइलवर मात्र सेव्ह करू नका. मग कंपोझरमध्ये रुंदी पिक्सेलऐवजी टक्क्यांत द्या आणि उंचीचा रकाना मोकळा ठेवा, म्हणजे छोट्या काचेत चित्र आपसूक आक्रसतं. खिडकी पर्यायी मजकूरही मागते. तिथे चित्रात काय आहे ते एका वाक्यात लिहा. 'फोटो' असं लिहू नका, फोटो आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं.

फाइलींच्या नावांत मोकळी जागा नको, मोठी अक्षरं नकोत. विंडोजला मोठ्या-लहान अक्षरांचा फरक पडत नाही, पण पान जिथे चढवतो ते बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि त्यांना पडतो. घरी दिसणारं चित्र चढवल्यावर गायब होण्याचं हे दुसरं कारण.

फोनवर नीट दिसण्यासाठी मला शेवटी एक ओळ कोड चिकटवावाच लागला. तिला व्ह्यूपोर्टची मेटा ओळ म्हणतात. शोधलीत तर लगेच सापडते, तीत रुंदी उपकरणाच्या रुंदीइतकी धरा असं लिहिलेलं असतं. सोर्स टॅबमध्ये हेड हा शब्द जिथे सुरू होतो त्याच्या लगेच खाली ती डकवायची. ती नसली तर फोन पान मोठ्या पडद्याचं समजतो. आयफोनचा ब्राउझर ९८० पिक्सेल रुंदी गृहीत धरतो आणि सगळं आक्रसून मुंगीएवढं दाखवतो. त्यानंतर मी दोन रकान्यांचा नाद सोडला. आधी चित्र, त्याखाली वेळापत्रक. ऑनलाइन एडिटरमध्ये ही ओळ आधीच घातलेली असते, तो त्यांचा मोठा फायदा.

रंग, लिंक, रेषा हे सगळं दहा मिनिटांत जमतं, त्यावर मी वेळ घालवत नाही. देवनागरीसाठी मात्र तीन पथ्यं. अक्षरांमधली जागा वाढवू नका, शिरोरेघ तुटून शब्दांचे तुकडे पडतात. शब्दाखाली रेघ मारू नका, ती उकाराला कापते. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा थोडं जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आदळतो.

ऑनलाइन एडिटरमध्ये काम सुरू करण्याआधी एकच प्रश्न विचारा: माझं पान मला बाहेर काढता येईल का? जिओसिटीज ही मोफत पानं ठेवायची सेवा २००९ मध्ये बंद झाली तेव्हा लोकांची असंख्य पानं गेली. माझंही एक पान असंच एका मोफत सेवेबरोबर गेलं. बंद करत असल्याची मेल त्यांनी पाठवली होती, मी ती जाहिरात समजून उघडली नाही. वर्डप्रेसमध्ये टूल्सखाली एक्स्पोर्ट आहे. त्यातून मजकुराची फाइल मिळते, पण चित्रं त्या फाइलीत नसतात, ती वेगळी ठेवावी लागतात. गूगल साइट्समध्ये नवखे अडकतात ते भलत्याच ठिकाणी. बदल आपोआप सेव्ह होतो, पण पब्लिश दाबेपर्यंत लोकांना जुनंच पान दिसतं. आणि पब्लिशच्या आधी प्रिव्ह्यूमध्ये फोन, टॅब्लेट, मोठा पडदा असं तिन्ही करून पाहता येतं. तेवढं पाहाच.

कंपोझरची फाइल चढवायला मी निओसिटीज ही पानं ठेवायची सेवा वापरते. ब्राउझरमधून फाइली ओढून टाकायच्या. चित्रंही चढवायची, नुसतं पान नव्हे. बदल करायचा तर आपल्या फोल्डरातल्या फाइलीत करते, तो तपासते, मग ती फाइल जुनीच्या जागी चढवते. आणि दर वेळी आख्ख्या फोल्डरची एक प्रत तारीख घालून बाजूला ठेवते.

परवा भाचीने वर्गाची एक वेळ स्वतःच बदलली आणि मला फाइल पाठवली, "मावशी, बघ बरं जमलंय का?" म्हणून. मी आधी सोर्स उघडला आणि शोधाच्या रकान्यात 'एनबीएसपी' टाकलं. एकही सापडला नाही.