ईसीएम उडत नाही, उडवला जातो: फ्लॅशिंग अडकल्यावर या चुका टाळा

महिन्यातून दोन-तीन गाड्या माझ्या दारात टोचन करून येतात. सेल्फ मारत नाही, मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा येत नाही, पंखा मात्र भणाणत असतो. सोबतचा पोरगा दोर सोडायच्या आधीच निकाल सांगून टाकतो, "दादा, ईसीएम उडाला." ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर. बहुतेक वेळा तो उडालेला नसतो. सॉफ्टवेअर भरताना, म्हणजे फ्लॅशिंग करताना, मध्येच अडकलेला असतो, आणि खरी वाट लागते ती अडकल्यानंतरच्या दहा मिनिटांत.

ईसीएमच्या फ्लॅश मेमरीत एका कोपऱ्यात बूटलोडर असतो, म्हणजे ईसीएम जागा झाल्यावर आधी चालणारा छोटा प्रोग्राम. आपण पुसून नव्याने लिहितो ते मुख्य सॉफ्टवेअर आणि त्याचे तक्ते. ओबीडी पोर्टवरून (स्कॅनर जोडायच्या सॉकेटवरून) होणाऱ्या नेहमीच्या फ्लॅशिंगमध्ये बूटलोडरला सहसा हात लागत नाही. म्हणजे ४० टक्क्यांवर केबल निसटली तरी तो जागाच असतो. मुख्य सॉफ्टवेअर अर्धवट आहे हे ओळखून नव्या फाइलची वाट बघत बसतो. इंजिन चालवणं हे त्याचं काम नाही, म्हणून गाडी मेल्यासारखी दिसते इतकंच.

बार थांबला म्हणून केबल उपटणे

गेल्या पावसाळ्यात एक डिझेल हॅचबॅक आली. फ्लॅशिंग ८७ टक्क्यांवर थांबलं होतं. स्कॅनर आणि ईसीएम ज्या भाषेत बोलतात त्या यूडीएसमध्ये ७८ नंबरचं एक उत्तर असतं, त्याचा अर्थ 'ऐकलं, काम चालू आहे, थांबा'. ईसीएम तेच सांगत होता. टूलच्या लॉगच्या, म्हणजे संवादाच्या नोंदीच्या, शेवटी ७८ ची रांगच लागली होती. फ्लॅशिंग करणाऱ्या दुसऱ्या गॅरेजच्या पोराने लॉग उघडलाच नाही. पाच मिनिटं वाट बघून केबल उपटली, बॅटरीची टर्मिनल काढून परत लावली आणि पुन्हा जोडलं. आता स्कॅनर गाडीच ओळखेना. ओळखणार कुठून? सॉफ्टवेअर नंबर मुख्य सॉफ्टवेअरबरोबरच पुसला गेला होता. अशा वेळी गाडी यादीतून हाताने निवडायची आणि तीच फाइल पुन्हा भरायची. वीस मिनिटांचं काम.

त्याने काय केलं? मोबाइलवरच्या कुठल्याशा ग्रुपवरून 'सेम टू सेम मॉडेल'चा पूर्ण डंप (ईसीएमच्या सगळ्या मेमरीची नक्कल) उतरवला, ईसीएमचा डबा उघडला आणि बेंचवर सगळाच्या सगळा लिहून टाकला. त्या डंपचा हार्डवेअर नंबर वेगळा होता. तोवर जिवंत असलेला बूटलोडरही गेला, आणि या गाडीचा इमोबिलायझर (चावी ओळखणाऱ्या चोरीरोधक यंत्रणेचा) डेटा, चॅसी नंबर, इंजेक्टरचे कोड यांच्या जागी भलत्याच गाडीचे येऊन बसले. मूळ डेटाचा बॅकअप विचारला तर म्हणाला, "घाईत राहिला."

मला दोन दिवस लागले. प्रोसेसरला बूट मोडमध्ये, म्हणजे बूटलोडर नसतानाही थेट लिहिता येईल अशा अवस्थेत, नेऊन योग्य हार्डवेअर नंबरचं सॉफ्टवेअर लिहिलं, दोन्ही चाव्या नव्याने शिकवल्या, आणि इंजेक्टरच्या डोक्यावरचे कोड आरसा नि टॉर्च घेऊन एकेक अक्षर वाचून भरले. माझं बिल बघून त्या पोराच्या मालकाचा चेहरा उतरला. मला दया आली नाही. बॅकअप घ्यायला वेळ नसेल, तर फ्लॅशिंगलाही वेळ नाही असं समजा.

बॅटरीवर भरवसा

माझी दुसरी दुखरी नस. "बॅटरी नवीन आहे, दादा." असू दे. ईसीएममध्ये सॉफ्टवेअर नसलं की बऱ्याच गाड्यांत रेडिएटरचा पंखा सुरक्षेसाठी पूर्ण वेगाने फिरतो आणि बॅटरी पिऊन टाकतो. त्यात कोणीतरी दार उघडं ठेवतं, हेडलाइट चालू राहतात. व्होल्टेज पडलं की ईसीएम ९३ नंबरचा कोड देऊन लिहायला नकार देतो, आणि लोक दोष फाइलला देतात.

गॅरेजचा साधा चार्जर लावणं तर त्याहून वाईट. त्याचं व्होल्टेज स्थिर नसतं. शेजारच्या चालू गाडीवरून जंप केबल घेणारेही पाहिलेत, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं. मी स्थिर सप्लाय १३.५ व्होल्टवर लावतो आणि पंख्याचा फ्यूज आधीच काढून ठेवतो. पुण्यात गुरुवारी फ्लॅशिंग करत नाही. दुरुस्तीसाठी वीज कधी जाईल याचा नेम नसतो. बाकीच्या दिवशीही एक जास्तीची बॅटरी समांतर जोडलेली असते.

बाकीच्या चुकांना एकेक ओळ पुरे. लॅपटॉप स्लीपवर जाऊ देऊ नका, अपडेट आणि वायफाय बंद ठेवा. ब्लूटूथ डोंगल कोड वाचायला ठीक, लिहायला नाही. नकली टूलने चेकसम (फाइल बरोबर आहे का हे तपासायचा आकडा) दुरुस्त केला असेलच असं धरून चालू नका. आणि चावी टूल सांगेल तेव्हाच फिरवा.

'ईसीएम मेला' म्हणण्याआधी निदान मल्टिमीटर तरी लावा. ओबीडी पोर्टच्या १६ नंबरच्या पिनवर बॅटरीचं व्होल्टेज येतंय का? ४ आणि ५ वर अर्थिंग आहे का? चावी बंद करून गाडीतले कॉम्प्युटर झोपले की ६ आणि १४ मध्ये, म्हणजे त्यांना जोडणाऱ्या कॅन लाइनच्या दोन तारांमध्ये, साधारण ६० ओहम दिसायला हवेत. १२० दिसले तर लाइनच्या एका टोकाचा रेझिस्टर गायब आहे. तो बऱ्याच गाड्यांत ईसीएमच्या आतच असतो, म्हणून आधी त्याचा कनेक्टर नीट बसलाय का बघा. एकदा दुसरीकडे मेलेला ठरवलेला ईसीएम मी फक्त फ्यूज बदलून जिवंत केलाय.

गाडी सुरू झाली की लगेच चावी मालकाच्या हातात देऊ नका. सगळे फॉल्ट कोड पुसा, आयडलला स्थिरावू द्या, एक फेरी मारा आणि पुन्हा स्कॅन करा. पंख्याचा काढलेला फ्यूज परत बसवायला मी स्वतः एकदा विसरलो होतो. गाडी कात्रजच्या घाटात तापली आणि मालकाच्या शिव्या मला गॅरेजमध्ये बसून फोनवर खाव्या लागल्या. तेव्हापासून काढलेला फ्यूज मी टेपने स्टीअरिंगलाच चिकटवतो.