हॉल कुणाचा, ते आधी बघा

इंदूरमध्ये पोरांना नशेपासून लांब ठेवण्यासाठी चार वस्त्यांची माणसं एकत्र आणून समिती उभी करायला निघालेल्या नवख्यांसाठी हे लिहितोय. नशा काय करते ते तुम्हाला ठाऊक आहेच.

घात पहिल्याच बैठकीत होतो. हॉल आपल्या मराठी मंडळाचा, कारण तो फुकट मिळतो आणि किल्ली ओळखीच्या काकांकडे असते. गणपतीच्या वर्गणीची यादी काढून फोन होतात, बोलणं मराठीत सुरू होतं, आणि खजरान्याहून आलेल्या बायका, नंदानगरची पोरं मागच्या रांगेत पाहुण्यासारखी बसतात. पाहुणा चहा पितो, मान डोलावतो आणि पुन्हा येत नाही. मग कितीही गळे काढा, समिती आपलीच राहते. म्हणून पहिल्या तीन बैठका तीन वस्त्यांत घ्या, ओटल्यावर बसून झाल्या तरी चालतील. बोलावणारा तिथलाच हवा. इतिवृत्त हिंदीत. आणि कार्यक्रम आधी ठरवून नेऊ नका. तयार कागदावर लोक सही करतात, राबत नाहीत.

भंवरकुव्याची कोचिंगची मुलं दुपारी चारला येणार नाहीत, रात्री साडेआठची वेळ ठेवा. समितीत एकच मूल घेऊ नका, मोठ्यांत ते गप्पच बसतं. निदान तिघं हवीत. 18 च्या आतल्यांसाठी पालकांची लेखी परवानगी घ्या.

अमेरिकेत अशा समितीत समाजाच्या बारा गटांतली माणसं घेतात. त्या नमुन्यातले बारा रकाने भरत बसायची गरज नाही. शाळा, पालक, पोलीस, डॉक्टर, मुलं आणि गुमटीवाला, म्हणजे पानटपरीवाला, एवढ्यांवर काम सुरू होतं. गुमटीवाल्याला वगळणं तर शुद्ध मूर्खपणा. हार घालून घ्यायला येणारे मार्गदर्शक मात्र खुशाल वगळा.

पहिलं काम मोजणीचं. 2003 च्या तंबाखू कायद्याच्या कलम 6 नुसार शिक्षणसंस्थेपासून 100 यार्डांच्या, म्हणजे सुमारे 91 मीटरच्या आत विक्रीला बंदी आहे. नवखे फाटकापासून रस्त्यारस्त्याने टेप लावतात आणि वाद हरतात. अंतर कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून, चहूकडे सरळ रेषेत धरायचं. फाटकापासून दोनशे मीटरवरची गुमटी मागच्या भिंतीला टेकलेलीही निघते. नकाशा मुलांनी काढावा. दुकानदाराशी बोलणं मोठ्यांनी करावं.

चाळीसजण आले तर तिसऱ्या बैठकीला सात उरतील. घाबरू नका, सात पुष्कळ झाले. एखादं पोर आधीच अडकलेलं कळलं तर बैठकीत विषय काढू नका. घरच्यांना 14446 हा व्यसनमुक्तीचा मोफत नंबर द्या. इतिवृत्तात त्याचं नाव येता कामा नये.