रस्त्यावरील वाहतुकीचा अंदाज बांधताना या चुका टाळा

प्रवास मागणीचे पारंपरिक मॉडेल चार पायऱ्यांचे असते: फेऱ्या किती होतील, कुठून कुठे होतील, कोणत्या साधनाने होतील आणि कोणत्या रस्त्याने होतील. आकडा चुकल्याचे बहुधा शेवटच्या पायरीत लक्षात येते. मूळ मात्र अनेकदा आधीच्या पायऱ्यांत असते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे रस्ता बांधल्यास आणि न बांधल्यास, या दोन्ही स्थितींसाठी एकच उगम-गंतव्य सारणी, म्हणजे कुठून कुठे किती फेऱ्या होतात याचा तक्ता, वापरणे. गर्दी वाढली की लोक निघण्याची वेळ बदलतात, जवळचे ठिकाण निवडतात किंवा फेरीच टाळतात. रस्ता मोकळा झाला की नेमके याच्या उलट घडते. सारणी गोठवून ठेवली, तर रस्ता न बांधल्यास होणारा खोळंबा फुगतो आणि रस्ता बांधल्यावर नव्याने येणारी वाहने हिशेबातच येत नाहीत, म्हणजे दोन्ही त्रुटी प्रकल्पाच्याच बाजूने झुकतात. यावर उपाय असा, की शेवटच्या पायरीतून निघालेले प्रवासवेळ आधीच्या पायऱ्यांना परत द्यावेत आणि ते स्थिरावेपर्यंत, प्रत्येक स्थितीसाठी स्वतंत्रपणे, हे आवर्तन चालू ठेवावे.

भविष्यातील वाहतूक क्षमतेच्या दीडपट दिसत असेल, तर ती रस्त्याची निकड नसून मॉडेलची मर्यादा आहे. 1964 पासून रूढ असलेल्या, गर्दीनुसार प्रवासवेळ काढणाऱ्या बीपीआर सूत्राच्या नेहमीच्या गुणकांनुसार अशा रस्त्यावर प्रवासवेळ केवळ 76 टक्क्यांनी वाढतो आणि सगळी वाहने पार होतात. प्रत्यक्षात क्षमतेपलीकडची वाहने मागे रांगेत उभी राहतात. असे आकडे आढळल्यास आधी मागणी तपासावी, मार्गिका नंतर वाढवाव्यात.

आजच्या वाहनगणनेशी मॉडेल जुळले म्हणजे ते सिद्ध झाले, हा समजही फसवा आहे. गणनेशी जुळेपर्यंत सारणी ओढूनताणून बसवता येते, पण त्यात लोकांच्या प्रवासाच्या सवयी विकृत होतात. शिवाय मोजलेली आणि मॉडेलने दाखवलेली वाहने यांतला फरक मापणाऱ्या जीईएच निकषाची 5 ही प्रचलित मर्यादा तशी सैलच आहे: तासाला 1000 वाहने मोजली आणि मॉडेलने 1160 दाखवली, तरी तो रस्ता उत्तीर्ण ठरतो. म्हणून काही गणना जुळवणीत न वापरता राखून ठेवाव्यात आणि दहा वर्षांपूर्वीची लोकसंख्या, रोजगार व रस्ते भरून मॉडेल तेव्हाची वाहतूक दाखवते का, हे पाहावे. ही चाचणी कंटाळवाणी असल्यामुळेच बहुधा टाळली जाते.

एक तांत्रिक खूण मात्र झटकन तपासता येते. एका वळणरस्त्याच्या बदलाने दूरच्या, असंबद्ध रस्त्यावरील आकडे हलले, तर रस्त्यांवर वाहने वाटण्याचे गणित पुरेसे स्थिरावण्याआधीच थांबवलेले असण्याची शक्यता मोठी असते. सापेक्ष तफावत, म्हणजे सगळी वाहने सर्वांत कमी वेळाच्या मार्गाने गेल्याच्या स्थितीपासून उरलेले प्रमाणशीर अंतर, 0.0001 किंवा त्याहून कमी होईपर्यंत ते चालू द्यावे आणि त्यानंतरच दोन पर्यायांची वजाबाकी करावी.