पाळतीचा थरारपट लिहिताना: निर्दोष माणसाला खऱ्या नोंदींनीच अडकवा

सरकारी पाळत आणि खोट्या आरोपात सापडलेला माणूस, या विषयावरच्या बहुतेक पटकथा एकाच जागी फसतात. पाळत ठेवणाऱ्याला सगळं दिसतं, असं लेखक पहिल्या पंधरा पानांत दाखवून बसतो. मग नायकाला पळायला जागाच उरत नाही आणि पुढची शंभर पानं त्याला योगायोगाच्या जोरावर वाचवावं लागतं.

यावरचा उपाय कथेच्या मुळाशी आहे. यंत्रणेकडच्या नोंदी वस्तूंच्या असतात: सिमकार्ड, हँडसेट, गाडी, बँक खातं. ती वस्तू त्या क्षणी कोणाच्या हातात होती, हे नोंद सांगत नाही. नायकाला या फटीत अडकवा आणि तिथूनच सोडवा. पुढचा सगळा तपशील महाराष्ट्रात घडणारी कथा डोळ्यांसमोर ठेवून दिला आहे.

आधी नोंदींचा तक्ता

प्रसंग लिहायला घेण्यापूर्वी कागदावर चार रकाने आखा: खरी नोंद, तिचा काढला गेलेला चुकीचा अर्थ, खरा अर्थ, आणि तो खरा अर्थ सिद्ध करू शकणारा माणूस किंवा कागद. अशा चार ओळी भरल्या की चित्रपटापुरतं साहित्य जमतं. सगळे पुरावे खलनायकाने बनवलेले असतील, तर ‘बनावट आहे’ एवढं सिद्ध होताच कथा संपते. म्हणून बनावट पुरावा जास्तीत जास्त एक ठेवा. बाकीचे खरे असू द्या, कारण खरे पुरावे नायकाला नाकारता येत नाहीत.

यासाठी मोहम्मद हनीफ प्रकरणाचा बारकाईने अभ्यास करा. ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या या भारतीय डॉक्टरला २ जुलै २००७ रोजी ब्रिस्बेन विमानतळावर अटक झाली. इंग्लंड सोडताना त्याने आपलं सिमकार्ड नात्यातल्या एका भावाला दिलं होतं, हे खरं. त्याच्याकडे भारताचं एकेरी तिकीट होतं, हेही खरं. पण ते तिकीट बायको आणि नुकत्याच जन्मलेल्या मुलीला भेटण्यासाठी होतं. सिमकार्ड ग्लासगो विमानतळावर हल्ला केलेल्या गाडीत सापडलं, असं न्यायालयात सांगितलं गेलं. प्रत्यक्षात ते लिव्हरपूलमध्ये, त्या भावाकडेच मिळालं होतं. २७ जुलैला आरोप मागे घेण्यात आला. दोन खऱ्या गोष्टी आणि एक चुकलेलं ठिकाण, एवढ्यावर एका माणसाचं आयुष्य उलटंपालटं झालं.

दुसरं प्रकरण अमेरिकेतल्या ओरेगनमधल्या ब्रँडन मेफिल्ड या वकिलाचं. माद्रिदमधल्या मार्च २००४च्या बॉम्बस्फोटांच्या तपासात मिळालेला एक ठसा त्याचाच, असं एफबीआयच्या तज्ज्ञांनी ठरवलं. स्पॅनिश पोलिसांनी एप्रिलमध्येच ‘जुळत नाही’ असं कळवलं होतं, तरी मे महिन्यात त्याला ताब्यात घेतलं. न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञानेही जुळणीला दुजोरा दिला. शेवटी स्पॅनिश पोलिसांनी तो ठसा अल्जीरियाच्या एका माणसाचा असल्याचं दाखवून दिलं. यात खलनायक कोणीच नाही. आधीच्याने ‘हो’ म्हटलं म्हणून पुढचाही ‘हो’ म्हणत गेला. पटकथेतला तपास अधिकारी असा, प्रामाणिक आणि चुकलेला लिहा. लाचखाऊ अधिकाऱ्यापेक्षा तो जास्त धडकी भरवतो, कारण त्याला विकत घेता येत नाही.

पाळतीला काय दिसतं, काय नाही

सीडीआर म्हणजे कॉलचा तपशील: कोणत्या नंबरवरून कोणत्या नंबरला, किती वाजता, किती सेकंद, हँडसेटचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक, आणि कॉल सुरू होताना व संपताना लागलेला टॉवर. त्यात संभाषण नसतं. ‘सीडीआर ऐकला’ असा संवाद लिहिला की जाणता प्रेक्षक तिथेच हातचा जातो. मोबाइल कंपन्यांना या नोंदी २ वर्षं ठेवाव्या लागतात, त्यामुळे जुनं प्रकरण उकरायलाही त्या कामी येतात.

टॉवर सहसा तीन दिशांना विभागलेला असतो आणि प्रत्येक भाग साधारण १२० अंशांचा पट्टा सांभाळतो. शहरात तो पट्टा काहीशे मीटरचा, खेड्यात काही किलोमीटरचा. म्हणजे दादरमध्ये ‘टॉवर लोकेशन’ एखादी इमारत दाखवत नाही, शेकडो घरांची वस्ती दाखवते. शिवाय गर्दीच्या वेळी फोन जवळचा टॉवर सोडून पलीकडचा धरू शकतो. नायक घटनास्थळी होता, असं भासवायला ही एक गोष्ट पुरेशी आहे. उलट ‘अजून तीस सेकंद बोलत ठेवा, ट्रेस होतंय’ हा प्रसंग कायमचा काढून टाका. डिजिटल नेटवर्कला टॉवर कॉल लागतानाच माहीत असतो.

पळणाऱ्या नायकाची सगळ्यात खरी वाटणारी चूक म्हणजे सिम बदलून जुनाच हँडसेट वापरणं. नव्या नंबरसोबत जुना आयएमईआय नोंदला जातो आणि तो लगेच सापडतो. दोन सिमच्या फोनला आयएमईआयही दोन असतात. फास्टॅगचंही तसंच आहे. तो काचेवर चिकटलेला असतो, त्यामुळे टोलनाक्यावर गाडी गेली एवढंच कळतं, ती कोण चालवत होतं ते नाही.

आता कॅमेरे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार अनोळखी माणसाची ओळख पटवायला चित्रात दर मीटरला २५० पिक्सेल लागतात, आणि ओळखीचा माणूस ओळखायला १२५. १९२० पिक्सेल रुंदीच्या साध्या कॅमेऱ्यात याचा अर्थ असा की चौकट अनुक्रमे साडेसात आणि पंधरा मीटरपेक्षा रुंद असेल तर भरवसा सुटतो. ४० मीटर रुंद चौक दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात मीटरला ४८ पिक्सेल उरतात. तिथे माणूस आहे हे दिसेल, कोण आहे ते दिसणार नाही. ‘झूम करा, चेहरा साफ करा’ म्हटल्याने नसलेले पिक्सेल येत नाहीत. सॉफ्टवेअरने चेहरा ‘साफ’ केलाच, तर तो अंदाजाने रंगवलेला असतो. निर्दोष माणसाचा चेहरा तिथे उमटू शकतो, हा धागा वापरण्याजोगा आहे.

उपग्रहाचा मोह टाळा. कार्टोसॅट-३ हा आपला २०१९ मध्ये सोडलेला उपग्रह सुमारे ५०९ किलोमीटर उंचीवरून जातो आणि त्याचा एक पिक्सेल जमिनीवरच्या सुमारे २५ सेंटिमीटरचा. म्हणजे माणसाचं डोकं एका ठिपक्यात मावतं. असा उपग्रह एका जागेवर थांबतही नाही, त्यामुळे गल्लीतल्या पाठलागाचं थेट चित्रण त्यातून मिळत नाही.

टॅपिंगचा कागद

खलनायक सरकारी यंत्रणेतला असेल, तर तो कायदा मोडून काम करतो यापेक्षा कायद्याच्या कागदातून वाट काढतो हे जास्त पटतं. पूर्वी १८८५चा टेलिग्राफ कायदा होता. आता २०२३चा दूरसंचार कायदा आणि डिसेंबर २०२४चे नियम आहेत. राज्यात फोन टॅप करायला गृहसचिवांचा आदेश लागतो. त्याची मुदत ६० दिवस, वाढवत नेलं तरी एकूण १८० दिवस. तातडीच्या वेळी पोलीस महानिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी आधी सुरुवात करू शकतो, पण ७ कामकाजाच्या दिवसांत मंजुरी मिळाली नाही तर टॅपिंग थांबवावं लागतं. मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालची समिती हे आदेश तपासते.

कथेच्या जागा इथे आहेत. विनंतीच्या यादीत नंबर नायकाचा आणि नाव भलत्याच गुन्हेगाराचं: सही करणाऱ्याने नाव पाहिलं, नंबर कोणी पडताळलाच नाही. किंवा सातव्या कामकाजाच्या दिवशीही मंजुरी आलेली नाही आणि आठव्या कामकाजाच्या दिवशीचं संभाषण फाइलमध्ये आहे. नायकाच्या वकिलाला ही तारीख सापडणं, हा गोळीबाराइतकाच जोरकस प्रसंग होऊ शकतो. व्हॉट्सअॅप कॉलचा आवाज मात्र या मार्गाने मिळत नाही, कारण तो दोन्ही टोकांना कुलूपबंद असतो. त्यासाठी फोनच हातात यायला हवा किंवा त्यात काहीतरी घुसवायला हवं.

गुन्हा, अटक, फरारी

कथा १ जुलै २०२४ नंतर घडत असेल, तर खुनाच्या गुन्ह्याला कलम ३०२ म्हणू नका. भारतीय न्याय संहितेत त्याची शिक्षा कलम १०३ मध्ये आहे. झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार बंधनकारक आहे. त्यामुळे नायकाच्या कपाटात पिस्तूल ‘सापडायचं’ असेल, तर ते मुद्रण सुरू होण्यापूर्वी ठेवलेलं हवं आणि पंचनाम्यावर सही करणारे पंच कोण, हे तुम्हाला माहीत हवं. एका पंचाने दाराबाहेरूनच सही केली, हा दुवा पुढे उलटतपासणीत कामी येतो.

अटकेनंतर प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावंच लागतं. तीन दिवस कोणाला न सांगता डांबून ठेवलं, असं दाखवायचं असेल तर ते बेकायदा आहे हे पात्रांना कळू द्या. घाबरणारा हवालदार तिथून मिळतो. फरारी घोषित करणंही दुसऱ्या सकाळी होत नाही, जाहीरनाम्यात हजर राहायला किमान ३० दिवस द्यावे लागतात. नायकाची विमानतळावरची वाट बंद करायची असेल, तर लुकआउट परिपत्रक, म्हणजे देशाबाहेर जाताना त्याला अडवण्याची सूचना, पुरतं.

पाठलाग

प्रत्येक पाठलागात पाळतीची माहिती किती शिळी आहे, हे ठरवून घ्या आणि चित्रपटभर तो नियम पाळा. नायकाने फोन विरार लोकलमध्ये सोडला, तर टॉवरची रांग पश्चिम रेल्वेच्या मार्गावरून सरकताना दिसेल आणि तो गाडीत आहे हे पोलिसांना कळेल. पण कोणत्या डब्यात, ते कळणार नाही, आणि गाडी बारा किंवा पंधरा डब्यांची. पुढच्या स्थानकावर साध्या वेशातले चार जण उतरणाऱ्या गर्दीत काय करतात, तो प्रसंग लिहा. मारामारी तिथे आपसूक उभी राहते.

डीव्हीआरचं घड्याळ

टाइम बॉम्बपेक्षा चांगलं घड्याळ सोसायटीच्या डीव्हीआरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रात असतं. चार कॅमेरे, प्रत्येकी ४ मेगाबिट प्रतिसेकंद, २ टेराबाइटची डिस्क: एका कॅमेऱ्याचे दिवसाला सुमारे ४३ गिगाबाइट, चौघांचे १७३. म्हणजे अकरा-बारा दिवसांत जुनं चित्रण पुसून नवं चढतं. नायक घटनेच्या वेळी आपल्याच जिन्यात होता याचा पुरावा बाराव्या दिवशी आपोआप नाहीसा होणार आहे, आणि तो नवव्या दिवशी नाशिकमध्ये लपलेला आहे. डीव्हीआरची वेळही अनेकदा दहा-वीस मिनिटं चुकलेली असते. खरं घड्याळ आणि पडद्यावरची वेळ यांतला फरक पंचनाम्यात नोंदवला नाही, तर हाच पुरावा नायकाच्या विरोधात जाऊ शकतो.

शेवटी नायक न्यायालयात पेन ड्राइव्ह उंचावतो आणि सुटतो, हे करू नका. इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागतं. त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइल जराशी बदलली तरी बदलणारा तिचा आकडी ठसा असतो आणि दोन सह्या लागतात: यंत्र सांभाळणाऱ्याची आणि तज्ज्ञाची. सोसायटीत पहिली सही सहसा सचिवांची. खलनायकाने दबाव आणायचा तो इथे. प्रमाणपत्र नाकारलं गेलं, तरी वाट बंद होत नाही. २०१४च्या निवडणुकीत जालना मतदारसंघात उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाला का, हा वाद निवडणूक कार्यालयातल्या चित्रणावर येऊन ठेपला होता आणि मागूनही प्रमाणपत्र मिळत नव्हतं. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितलं, की प्रमाणपत्र आवश्यकच आहे, पण समोरचा देत नसेल तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवता येतं. मूळ डीव्हीआरच हजर केला आणि त्याचा मालक साक्षीला उभा राहिला, तर प्रमाणपत्राची गरज नाही, असंही त्या निकालात आहे. म्हणजे तुमचा शेवटचा पाठलाग त्या यंत्राचा आणि घाबरलेल्या सचिवांचा.

नायक कोणत्या शब्दाने सुटतो, तेही नेमकं लिहा. आरोप ठेवण्यापूर्वी सुटला तर दोषमुक्त, खटला चालून सुटला तर निर्दोष मुक्तता. तपासातच चूक उघड झाली तर महाराष्ट्रात पोलीस न्यायालयात समरी अहवाल, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल देतात. गुन्हा खरा पण आरोपी सापडत नसेल तर ‘अ’, फिर्याद मुद्दाम खोटी असेल तर ‘ब’, आणि गैरसमजातून नोंदलेली असेल तर ‘क’. तपास अधिकारी ‘अ’ लिहायला निघतो, नायकाचा वकील ‘ब’वर अडून बसतो, कारण तेव्हाच खोट्या फिर्यादीवर कारवाईची वाट उघडते. जप्त झालेला फोन मात्र निकालानंतरही आपोआप परत मिळत नाही. त्यासाठी मुद्देमाल परत मिळावा म्हणून न्यायालयात वेगळा अर्ज करावा लागतो.