पिंग आयपीला जातंय, नावाला नाही?

रत्नागिरीकडे पावसात नेट अडखळलं की पहिला संशय केबलवर. पण लिनक्सवर आयपी पत्त्याला (मशीनचा आकडी पत्ता) पिंग, म्हणजे ‘पोहोचतंय का’ बघणारा छोटा संदेश, जात असेल आणि नावाला नाही, तर लाइन ठीक आहे. अडलंय ते नावावरून आयपी शोधण्यात. इथे बरेच जण थेट ‘डिग’ ही कमांड चालवतात. ते विचारतं डीएनएस सर्व्हरलाच (नावाचा आयपी सांगणारा सर्व्हर), ‘/इटीसी/होस्ट्स’ ही मशीनवरचीच नाव-पत्त्यांची फाइल स्वतः वाचत नाही. म्हणून आधी ‘गेटएंट होस्ट्स’ आणि पुढे ते नाव टाका; ही कमांड होस्ट्स फाइलही बघते. दोघांची उत्तरं जुळली नाहीत, तर बहुतेकदा होस्ट्स फाइलमध्ये कुणीतरी टाकलेली जुनी ओळ निघते, नाहीतर नाव आधी कुठे शोधायचं ते ठरवणाऱ्या ‘एनएसस्विच.कॉन्फ’ फाइलमधला क्रम बघा. दोन्ही गप्प? मग ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ बघा, त्यात डीएनएस सर्व्हरचा पत्ता असतो. तिथे १२७.०.०.५३ दिसलं तर खोडू नका, तो सिस्टिमडीचा (लिनक्सच्या सेवा सांभाळणारी प्रणाली) स्थानिक रिझॉल्व्हर, म्हणजे मशीनवरच नावं शोधून देणारा, आहे. त्यामागचा खरा सर्व्हर ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ ही कमांड दाखवते.