मॅकआर्डल आजारात व्यायामाची आखणी पहिल्या दहा मिनिटांपासून करावी

मॅकआर्डल आजार असलेल्या प्रौढ व्यक्तीला व्यायाम आखून देताना प्रथम हे लक्षात घ्यावे की स्नायूंत साठलेले ग्लायकोजेन (साखरेचा साठा) फोडणारे मायोफॉस्फोरिलेज हे विकर (एन्झाइम) तिच्या स्नायूंत जन्मापासूनच काम करत नाही. कोठार भरलेले असूनही कुलूप उघडत नाही, आणि म्हणून जिन्याच्या दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत मांड्या दगडासारख्या होतात. ब्रायन मॅकआर्डल यांनी १९५१ मध्ये या आजाराचे वर्णन केले, तरी शाळेच्या मैदानावर ‘आळशी’ हा शिक्का बसलेले रुग्ण आजही भेटतात.

अशांना पूर्वी विश्रांतीचाच सल्ला मिळत असे. तो चुकीचा होता, कारण बसून राहिल्याने दमसास घटतो आणि पुढे साधे चालणेही जड जाते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात आठ रुग्णांनी १४ आठवडे, आठवड्यातून चार दिवस, ३० ते ४० मिनिटे सायकल चालवली. त्यांची कार्यक्षमता वाढली आणि स्नायूंना इजा झाल्याचे दिसले नाही. वेग कमाल हृदयगतीच्या ६० ते ७० टक्के इतकाच होता.

सुरुवात सपाट रस्त्यावर, अगदी रेंगाळत चालण्याने करावी. पहिली आठ-दहा मिनिटे सर्वांत अवघड असतात. या काळात ठोके भराभर वाढतात, पोटऱ्या भरून येतात आणि दुखणे सुरू होते. तसे झाल्यास वेग कमी करावा किंवा क्षणभर थांबावे. नेट लावून पुढे जाऊ नये. त्यानंतर रक्तातून येणारी साखर आणि स्निग्धाम्ले स्नायूंना पुरू लागली की त्याच वेगात ठोके खाली येतात आणि चालणे हलके होते. याला ‘सेकंड विंड’ म्हणतात. रुग्णाने हा बदल मनगटी घड्याळावर स्वतः एकदा पाहिला की त्याची भीती बरीच ओसरते, असे माझे मत आहे. खरा व्यायाम इथून पुढे मोजावा, आणि मध्ये लांब विश्रांती झाली तर पुन्हा रेंगाळण्यापासून आरंभ करावा.

स्नायू आवळून धरण्याचे प्रकार मात्र टाळावेत. प्लँक आणि जड वजने उचलणे यांविषयी प्रशिक्षक सावध असतात. पण उकिडवे बसणे, योगासनात बराच वेळ स्थिर राहणे आणि भरलेली बाजारची पिशवी घट्ट धरून चालणे हेही त्यांतच मोडते, याकडे सहसा दुर्लक्ष होते. बस पकडण्यासाठी धावणे तर नकोच.

व्यायामाआधी पाचेक मिनिटे ३५ ते ४० ग्रॅम साखरेचे सरबत घेतल्यास सुरुवात सुसह्य होते, परंतु रोज घेतल्यास वजन वाढते; मधुमेह असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आखणीपूर्वी विश्रांतीच्या स्थितीतील क्रिएटिन कायनेज (स्नायूंना इजा झाल्यावर रक्तात वाढणारे विकर) तपासून घ्यावे, कारण या आजारात ते एरवीही वाढलेलेच असते. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण स्नायूंतून सुटलेले मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडांना इजा करू शकते. आजाराचे नाव आणि नेहमीचा क्रिएटिन कायनेजचा आकडा लिहिलेली चिठ्ठी रुग्णाच्या पाकिटात असावी, म्हणजे तातडीच्या विभागातील अनोळखी डॉक्टरला नवा आकडा कशाशी ताडून पाहायचा हे कळेल.